तानाक्काचं दूध

जयपाल : मग मशीन खोटं बोलतंय, असं म्हण की सरळ.

ऐश्वर्या : खोटं नाही, अण्णा. आपणच उलटं ऐकलं. मी सांगितलेलं, दुधात पाणी असलं की मशीन पकडतंच.

जयपाल : तेच की. तानाक्काचं दूध पकडलं. म्हणजे पाणी हुतं.

ऐश्वर्या : तिथंच चुकलं आपलं. महिनाभर आपल्या म्हशींचं दूध मी रोज डेअरीतल्या मशीनला लावलं. धार तुम्हीच काढलेली. तीन दिवस पाणी दाखवलं.

जयपाल : आपल्या दुधात? अगं, मी थेंबभर पाणी घातलं न्हाय.

ऐश्वर्या : तानाक्का पण हेच म्हणत होती. समजा गावात शंभर जण डेअरीला दूध घालतात. पाणी घालणारे त्यातले पाच.

जयपाल : पाचबी जास्तच झाले.

ऐश्वर्या : असू देत. मशीन पाचीच्या पाची पकडतंय. राहिली पंच्याण्णव चांगली माणसं. त्यांच्यात दहातल्या एकाला ते उगीचच पाणी दाखवतंय. म्हणजे धरा दहा जण. एकूण सापडले किती?

जयपाल : पंधरा.

ऐश्वर्या : आणि त्यात खरे पाणी घालणारे?

जयपाल : पाचच. म्हणजे सापडलेल्या तिघांतले दोघं...

ऐश्वर्या : काही न केलेले.

जयपाल : आणि मी चेअरमन म्हणून, रांगेतल्या सगळ्यांदेखत तिची किटली गटारीत ओतली. पुन्हा एकदा तपासा म्हणत हुती, तेवढंबी ऐकलं न्हाय. वर तिलाच विचारलं, मशीन खोटं बोलतंय व्हय.

ऐश्वर्या : मशीन घ्या म्हणून मागं मीच लागले होते. कोल्हापुरात कॉलेजच्या पोरांना हेच गणित शिकवते, आणि तुम्हाला सांगायचं मला सुचलं नाही. मला झोप लागत नाही, अण्णा.

जयपाल : चप्पल घाल. आत्ताच जाऊ. उद्या रांगेत पहिलं दूध तिचं घेतो, आणि माफीबी तिथंच मागतो.

(तानाबाईच्या दारात. ती एकटीच शेणी रचते आहे.)

जयपाल : तानाक्का, चूक माझी झाली. मशीन चांगल्या दुधालाबी पाणी दाखवतंय. उद्यापासनं दूध घाला.

तानाबाई : म्हंजे पानी न्हवतं?

ऐश्वर्या : नसणारच. तुम्ही तर सांगतच होता.

तानाबाई : मी घातलं न्हवतं, ते मला ठावं हुतं. पर मशीन म्हंतंय, चेअरमन म्हंत्यात. मग घातलं कुणी? दुधाला हात लावणाऱ्या घरात दोघीच. मी आन् सून.

ऐश्वर्या : तेजस्वी कुठाय, तानाक्का?

तानाबाई : चंदगडला. म्हायेरी धाडली. लई रडली. आत्ती, देवाशप्पत म्या न्हाय घातलं, म्हनत हुती.

जयपाल : आणि तुम्ही?

तानाबाई : मी म्हटलं, मशीन खोटं बोलतंय व्हय?

जयपाल : आधी सकाळच्या पहिल्या एस्टीनं मी येतो तुमच्यासंगं. तिच्यापुढं हात जोडून सांगतो, चूक माझी.

तानाबाई : सांगा की. तुमचं ती ऐकंलबी. पर तिनं माझ्याकडं बघून इचारलं, आत्ती, तुमी तरी कसं मानलं, तर मी काय सांगू? तू शिकल्याली हाईस, ऐश्वर्या. तू सांग.