तापलेल्या मातीतली रोपं

नाही नाही, तो ट्रे खाली ठेवा, दादा — आधी मला सांगा, लावणार कुठं? उघड्यावर की कागदाखाली? पॉलिहाऊसमध्ये, म्हणजे? — काही नाही, सगळ्यांनाच विचारते. हल्ली विचारते. हो, हीच ती टोमॅटोची जात, सूत्रकृमींना दाद न देणारी. ते किडे डोळ्यांना दिसत नाहीत हो, मातीत असतात, मुळात शिरून बसतात नि मुळाला गाठी आणतात, मग वरून कितीही खतपाणी घाला, झाड आपलं मलूल. या जातीच्या मुळात त्यांना बस्तान मांडता येत नाही. अगदी खरं आहे ते. मी फसवत नाही कुणाला.

फसवत नाही म्हणजे — तुमच्या कानावर काही आलंय का? नाही? मग बरं. कारण आमच्या मोठ्या जाऊबाईंचं पीक गेलं ना, सगळंच्या सगळं गेलं, तर लोक बोलतात. त्यांचं पॉलिहाऊस आहे, मागच्या हंगामात काकडी गाठींनीच बसली, तेव्हा मीच म्हटलं, माझी टोमॅटोची रोपं लावा. आता आमचं दोघींचं कसं, मी हो म्हटलं की त्यांचं नाही ठरलेलं! लग्न होऊन आले तेव्हापासून माझ्या हातचं काही त्यांच्या पसंतीला उतरलेलं नाही — चहा पांचट, कपड्यांची घडी वाकडी, नि ही रोपवाटिका म्हणजे धाकटीची भातुकली. आणि त्या दिवशी मात्र इथं येऊन एकेक रोप निरखत राहिल्या, म्हणाल्या, "पोरी, देखणी आहेत गं तुझी रोपं." पोरी म्हणाल्या, दादा! मी हवेतच. रोपं मी स्वतः पोचवली, लावायलाही त्यांच्या शेजारी बसले.

आणि मग काय — ऊन वाढलं. या जातीचं सगळं बळ माती गार असेपर्यंतच. माती तापली की ते बळ जातं, मग किडे खुशाल आत शिरतात. आता ऊन काय माझ्या हातात होतं? नव्हतं. मला तरी काय ठाऊक — म्हणजे, ठाऊक... तसं थोडं होतं. बियाणंवाल्यानं बजावलं होतं, उन्हाळ्यात कागदाखाली नको. आणि माझीच काही झाडं होती, त्या तिथं, पत्र्याच्या भिंतीशी, फार तापतं तिथं — उपटून बघितली होती मी. गाठी होत्या. त्यांना रोपं पोचवायच्या आधीच बघितल्या होत्या. म्हटलं, थोडी तर झाडं. म्हटलं, आता कुठं त्या मला 'पोरी' म्हणाल्यात.

असं बघू नका हो माझ्याकडे.

परवा सगळं घर जमलं होतं त्यांच्या पॉलिहाऊसमध्ये. सासूबाई, मोठे दीर, कामाच्या बायका. जाऊबाईंनी एक झाड उपटलं, माती झटकली, नि माझ्या हातात दिलं — मुळं कसली, आल्याचा गड्डा नुसता! मोठे दीर म्हणाले, "ऐका आणखी धाकटीचं!" मला वाटलं, संपलं आता. तर जाऊबाई म्हणतात, "तिला कुणी काही बोलायचं नाही. रोपं चांगलीच होती. मीच बाजूचे पडदे उघडून वारा घ्यायचा आळस केला, म्हणून आत तापलं." आळस! त्या बाईनं जन्मात आळस केलेला नाही. पडदे रोज उघडायच्या, अगदी न चुकता, मी पाहिलंय ना. एखाद्या दिवशी उशीर झाला असेल, तोच धरून बसल्यात. आणि मी काय केलं, सांगू? मान हलवली. "हो, पडद्यांमुळेच झालं असेल" — असं म्हटलं मी. माझ्या तोंडानं, सगळ्यांसमोर. मग मोठे दीर त्यांनाच लागले बोलायला, नि त्या खाली मान घालून ऐकत राहिल्या, माझ्यादेखत, नि मी तशीच उभी, हातात ते झाड घेऊन.

मला पाठीशी घालण्यासाठी म्हणाल्या असत्या तरी एक वेळ चाललं असतं. तसं नाही. त्यांना खरंच वाटतंय की त्यांचंच चुकलं.

असो. तुमचं सांगा, कुठं लावणार? ...कागदाखाली. या उन्हात. बरं, आणि माझ्याकडे कुणी पाठवलं तुम्हाला? ...कोण? उंच, करड्या केसांच्या? शेजारी आहात का त्यांचे? काय म्हणाल्या? ...पुन्हा सांगा. "माझ्या जावेकडून डोळे मिटून रोपं घ्या, पडदे मात्र वेळेवर उघडा, माझ्यासारखं करू नका." असं म्हणाल्या? हसत की कशा? ...हं. नाही हसल्या.

नाही देणार मी तुम्हाला रोपं. मिळणार नाहीत म्हटलं ना! तोवर झेंडू लावा, त्यानं किडे कमी होतात, नि माती निवली की मग या.

तुमची गाडी तिकडेच जाणार ना? थांबा, हात धुते. मला त्यांच्या दारात सोडा. तुम्ही आत येऊ नका. आणि वाटेत माझ्याशी काही बोलू नका, दादा — हे तुम्हाला सांगितलं ना, तसंच्या तसं तिथं बोलायचंय मला, नि आत्ताच अर्धा धीर सरलाय. चला. गप्प चला.