पित्ताची गोळी

बायको : हलू नका. टाचणी टोचेल.

पाळक : टोचलीच! अगं, मी एवढी मोठी गोष्ट सांगतोय आणि तुझं सगळं लक्ष झग्याच्या काठात.

बायको : तोंडात टाचण्या होत्या, कान मोकळेच आहेत. देवानं सांगितलं, इथवर आलं होतं.

पाळक : स्पष्ट सांगितलं. मोठ्या चर्चचं बोलावणं स्वीकार. आज चार वाजता त्यांचा फोन येईल, तेव्हा हो म्हण.

बायको : चारची वेळही देवानंच दिली?

पाळक : ती त्यांच्या सेक्रेटरींनी दिली. चेष्टा पुरे.

बायको : बरं, नाही करत. आवाज कधी आला?

पाळक : परवा. पहाटेच्या प्रार्थनेत. अगदी आतून आला. "जा."

बायको : आणि हा झगा शिवायला कधी टाकलात?

पाळक : झग्याचा इथे काय संबंध?

बायको : शिंपी म्हणाला, माप देऊन महिना झाला. मोठ्या चर्चमध्ये घालतात तसा हवा, रुंद बाह्यांचा, असं बजावून गेलात म्हणे.

पाळक : तो मी विश्वासानं टाकला होता.

बायको : म्हणजे देव बोलायच्या आधीच तुम्ही ऐकलंत. वळा जरा. मागचा काठ खाली आलाय.

पाळक : नुसता आतला आवाज नाही काही. बाहेरूनही खूण पटली. मंडळीच्या सगळ्या वडीलजनांना विचारलं. एकमुखानं म्हणाले, जा.

बायको : किती पटकन म्हणाले, ते पाहिलंत का? खजिनदार तर निरोप समारंभाचा हॉलसुद्धा बघून आलेत.

पाळक : हॉल? मी अजून हो कुठे म्हटलंय?

बायको : त्यांनीही विश्वासानंच बघितला असेल.

पाळक : तुझं म्हणणं तरी काय? मला आलेला आवाज खोटा?

बायको : तसं मी कुठे म्हटलं? मला एक कळत नाही. हा तुमचा आवाज नेमकं तुमच्या मनातलंच कसं बोलतो? गाडी घे म्हणाला, तेव्हा तुम्ही गाड्याच बघत फिरत होतात. गायकवर्ग दुसऱ्यावर सोपव म्हणाला, तेव्हा तुम्हाला त्याचा वीट आला होता. सुट्टीत सासुरवाडीला जा, असं काही तो आजवर म्हणाला नाही.

पाळक : तिकडे जायला देवाचा आवाज लागत नाही. तुझा पुरतो.

बायको : हसू नका, टाचण्या सुटतील.

पाळक : आणि नावडतं सांगतो तोच देव, असंही नसतं हं. तसं असतं तर तुझ्या आईचा प्रत्येक शब्द मी गुडघे टेकून ऐकला असता.

बायको : हे मात्र बरोबर बोललात. तिला सांगेन.

पाळक : नको सांगूस. ती गोळी दे जरा. छातीत पुन्हा जळजळायला लागलंय.

बायको : आज? आज तर गुरुवार नाही.

पाळक : पित्ताला कसला आलाय वार?

बायको : तुमच्याला आहे. दर गुरुवारी बाजारातून छाती चोळतच येता. डॉक्टरांनी तिखट बंद केलं, चहा बंद केला. गुरुवार काही त्यांना बंद करता येईना. बाजाराच्या वाटेवर काय लागतं?

पाळक : औषधाचं दुकान.

बायको : त्याच्या आधी.

पाळक : हेडबाईंचं घर.

बायको : आणि आज सकाळी त्यांची सून दारात येऊन गेली. तेव्हापासून तुम्ही छाती चोळताय. तुम्हाला शाळेत वाचायला शिकवलं त्यांनी. आता मांडीचं हाड मोडून अंथरुणाला खिळल्यात. दर आठवड्याला एकच निरोप, पाळकांना वाचून दाखवायला पाठवा. तुम्ही काय पाठवलंत?

पाळक : केळी.

बायको : आणखी?

पाळक : तरुण संघ. गिटार घेऊन.

बायको : त्यांना ऐकू कमी येतं ना?

पाळक : म्हणूनच पाठवला. अगं, त्या चुका काढतात! मागे एकदा गेलो, तर स्तोत्राच्या पहिल्याच ओळीला थांबवलं. म्हणाल्या, नाकातून वाचू नकोस, पोटातून वाच. माझं वय काय, हुद्दा काय!

बायको : एवढ्यासाठी तुम्ही माणूस टाळणारे नाही. मी ओळखते तुम्हाला.

पाळक : वाचून झाल्यावर माझा हात धरला त्यांनी. म्हणाल्या, मरायची भीती वाटते रे, काय करू? रविवारी भरल्या चर्चमध्ये मी याच प्रश्नावर तासभर बोलतो. त्या खोलीत एक शब्द सुचला नाही. लाज वाटली गं मला.

बायको : मग?

पाळक : मग केळी.

बायको : आणि त्या घरावरून जाताना आत काय होतं?

पाळक : सांगितलं ना, जळजळ.

बायको : शब्दांत सांगा.

पाळक : "आत जा." इतकंच. हळू येतं. मी म्हणतो, पित्त आहे, आणि पुढे जाऊन गोळी घेतो.

बायको : रविवारच्या शाळेत दरवर्षी ती गोष्ट सांगता ना तुम्ही? मंदिरात झोपलेल्या मुलाला देव हाक मारतो आणि तो उठून म्हाताऱ्या याजकाकडे धावतो, त्यांनीच बोलावलं असं समजून. पोरं किती हसतात.

पाळक : हसतात. मग?

बायको : तो निदान माणसाकडे गेला. तुम्ही औषधाच्या डब्याकडे जाता.

(फोन वाजू लागतो.)

पाळक : चार वाजले? एवढ्यात?

बायको : घ्या. रुंद बाह्या वाट बघतायत.

पाळक : आधी हा झगा उतरव. सावकाश, टाचण्या!

बायको : काय सांगू त्यांना? हो की नाही?

पाळक : मला माहीत नाही. खरंच माहीत नाही. परवा अगदी खात्री होती. उद्या करा म्हणावं. पाळक घरात नाहीत म्हणून सांग.

बायको : मी खोटं बोलू?

पाळक : मी दाराबाहेर पडेपर्यंत वाजू दे. मग खरंच होईल ते.

बायको : चष्मा घेतलात?

पाळक : घेतला. आणि हेडबाईंनी पुन्हा तेच विचारलं तर?

बायको : तर सांगा, मलाही वाटते भीती. आणि हात सोडू नका. अहो, थांबा, तुमची गोळी राहिली!

पाळक : राहू दे. नाहीतर आजही पुढे निघून जाईन.