आधी तिचं रडणं ऐकू द्या

काका, आणि विकास नगर, जानकीपुरम, कुठून कुठून आलेल्या आपल्या सगळ्या मंडळींनो,

मला बोलायला उभं केलंय खरं. बँकेत दिवसभर माझा आवाज चार टेबलांपलीकडे जातो. आज पहिल्या रांगेपर्यंत पोचला तरी पुरे. जरा सांभाळून घ्या.

सुमतीकाकू गेल्या. काका रेल्वेत इंजिनियर, बदलीवर लखनौला आले आणि इथलेच झाले. काकूंनी इथं आपल्या सगळ्यांची मुलं मांडीवर घेतली.

आपण इथं एकेकटे. बाळ रडायला लागलं की काय करायचो? गावी फोन! सांगलीहून माझी आई बाळाला न बघताच सांगायची, "पोट दुखतंय. बेंबीभोवती हिंग लाव." आपण लावायचो. उतार पडला नाही की काकूंचं दार.

आत गेल्यावर काकू काय म्हणायच्या, आठवतंय ना? "सगळे गप्प बसा. आधी रडणं ऐकू द्या." टीव्ही बंद. काकासुद्धा गप्प. हो ना काका?

मग बघायच्या. पाय पोटाशी घेतंय का, मुठी आवळतंय का, पोट टणक लागतंय का. दूध पाजल्यावर ढेकर काढला होता का, असं विचारायच्या. खांद्यावर घेऊन पाठीवरून हात फिरवत राहायच्या, पाय सायकलसारखे हलवायच्या. कधी पोटाचं काही नसायचंच. लंगोटाची नाडी रुतलेली असायची. मग ती नाडी सैल करून आपल्याकडे नुसतं बघायच्या.

जोशींचा चिनू तीन वर्षांचा होता तेव्हा आला पोट धरून. "आंटी, पेट में दर्द है." काकू म्हणाल्या, "अच्छा? कल क्या खाया?" "खस्ता कचौड़ी. पापा ने खिलाया, चौक में." जोशी, तुमचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा झाला होता! हसा हो, काकूही हसल्या होत्या.

आता माझ्या इराचं सांगते. ती तेव्हा रांगतही नव्हती. एका सकाळी अचानक कळवळून रडायला लागली, पाय वर घ्यायची, मग एकदम गप्प. पुन्हा तेच. मी हिंग लावलं आणि काकूंकडे धावले. काकूंनी ऐकलं. इरा गप्प झाली. मी म्हटलं, "बघा काकू, झाली शांत."

काकू म्हणाल्या, "ही शांत नाही गं. ही थकलीय."

तेवढ्यात तिला उलटी झाली. हिरवी. मी विचारलं, "काकू, अजून थोडं हिंग लावू?"

"हिंग नको. दवाखाना. आत्ता."

त्यांनी गॅस बंद केला आणि घरातल्या साडीतच माझ्याबरोबर ऑटोत बसल्या. डॉक्टर म्हणाले, आतड्यात आतडं अडकलंय, वेळेत आणलंत. पुढे इरा बरी झाली तेव्हा मी विचारलं, "काकू, तुम्हाला कसं कळलं?" त्या म्हणाल्या, "मला काय झालंय ते कुठं कळलं? हे माझ्या हातातलं नाही, एवढं कळलं."

एवढंच. पण तेवढं कळायला किती मोठं मन लागतं! अख्खी कॉलनी ज्यांच्या हाताला गुण आहे म्हणायची, त्यांनी आपला हात मागे घेतला. म्हणून माझी मुलगी आज तिथं तिसऱ्या रांगेत बसली आहे. तिला मराठी कळते, बोलायला लाजते. काल म्हणाली, "मम्मी, मेरी तरफ़ से भी बोल देना." इरा, बोलले गं बाळा.

मघाशी दारात जानकीपुरमची मधुरा भेटली. कडेवर तान्ही मुलगी. मला म्हणाली, "ताई, आता हिला कुणाकडे न्यायचं?"  मी काकूंची जागा भरू शकत नाही, कुणीच नाही. पण मधुरा, फोन नंतर कर. हिंग नंतर शोध. आधी ऐक तिचं. आणि आपल्या हातातलं नाही असं वाटलं, तर एक क्षण थांबू नकोस. मला हाक मार, मी बसेन तुझ्याबरोबर ऑटोत.

आता आपण सगळे उभे राहू आणि काकूंसाठी थोडा वेळ गप्प होऊ. मधुरा, तुझी लेक रडली तर तिला बाहेर नेऊ नकोस. इथंच रडू दे.

काकूंना ऐकायचं असेल.