हात लावू नकोस, सुलू

माझा जन्म दिल्लीतला, हिंदूरावच्या हॉस्पिटलातला, आणि ते हिंदूराव म्हणजे आपले मराठीच बरं का, ग्वाल्हेरकडून आलेले, हे आमचे बाबा भेटेल त्याला ऐकवतात, ऑटोवाल्यालासुद्धा. बाबा सांगलीचे. केंद्र सरकारात टायपिस्ट म्हणून लागले आणि सेक्शन ऑफिसर होऊन रिटायर झाले, सगळी नोकरी आर. के. पुरमच्या क्वार्टरमध्ये गेली. शेजारी एकीकडे तमिळ, एकीकडे बंगाली, खाली पंजाबी, बाहेर सगळी हिंदी, पण दाराच्या आत पाय ठेवला की मराठी, आणि तीही शुद्ध. एकदा शाळेतून आले आणि म्हटलं, आई, मला उशीर होऊन गेला, तर बाबांनी दप्तर खाली ठेवू दिलं नाही, म्हणाले आधी वाक्य नीट कर, उशीर होतो, होऊन जात नाही. अशी आमच्या घरातली शिस्त.

मी सुलभा, घरात सुलू. माझ्यामागे चार वर्षांनी शेखर. शेखर हुशार, शेखर इंजिनिअर, शेखर नोएडात आयटीत, आणि मी पॉलिटेक्निकचा डिप्लोमा करून कॉम्प्युटर दुरुस्त करते, अठ्ठावीस वर्षं झाली. एका कंपनीकडे सरकारी ऑफिसांच्या मशिन्सचं काम आहे, मी त्यांच्याकडून जाते. काय सांगू तुम्हाला, अठ्ठावीस वर्षं मी पिशवी घेऊन ऑफिसात शिरते आणि खुर्चीतला माणूस विचारतो, मॅडम, इंजिनिअर कब आएगा. मी म्हणते आ गया. तो माझ्या मागे बघतो. अजून बघतात हो, मागच्याच आठवड्यात एकाने बघितलं! मी खाली वाकून त्याच्या टेबलाखालची वायर लावली, त्याच्या स्वतःच्या पायाने निघालेली, आणि म्हटलं, लो, इंजिनिअर ने कर दिया. लोकांच्या ऑफिसातलं मी सोसते, त्याचं काही नाही. पण घरातलं?

आमच्याकडे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, खंडेनवमीला, हत्यारांची पूजा असते, तुमच्याकडेही असेल. पाटावर बाबांचा टाइपरायटर, आईची विळी, शेखरची कंपासपेटी, बाहेर स्कूटरला झेंडूचा हार. मला पहिली नोकरी लागली त्या वर्षी मी माझ्या पहिल्या पगारातून घेतलेला स्क्रू ड्रायव्हरचा सेट पाटावर नेऊन ठेवला. बाबांनी तो उचलला आणि खिडकीत ठेवला. म्हणाले, अगं, ही खेळणी इथे नकोत, इथे विद्या ठेवतात. आई म्हणाली राहू द्या की. नाही राहू दिला. मी त्यानंतर कधी ठेवला नाही, आणि लग्न होऊन सासरी गेले. नवरा चांगला आहे, त्याच्याबद्दल काही बोलायचं नाही.

तर ही गोष्ट परवाच्या दसऱ्याची. आई जाऊन सहा वर्षं झाली, बाबा आता शेखरकडे नोएडाला असतात, चौऱ्याऐंशीचे आहेत, एका डोळ्याचं ऑपरेशन झालंय, दुसऱ्याचं टाळतायत. त्यांच्या खोलीत एक जुना डेस्कटॉप आहे, आणि त्यावर ते रोज सकाळी चार तास बसतात. का बसतात ते सांगते. शेखरची ईशा सहा वर्षांची होती, बाबा तिला म्हणाले उंबरठ्यावर बसू नये, तर ती म्हणाली, आजोबा, उंबरठा मतलब? त्या दिवशी बाबा जेवले नाहीत नीट. दुसऱ्या दिवशीपासून यादी सुरू केली, आमच्या घरातल्या पोरांना न येणाऱ्या मराठी शब्दांची. शब्द, अर्थ आणि खाली उदाहरणाचं एक वाक्य. ईशा आता कॉलेजात गेली, म्हणजे बारा वर्षं चाललंय हे, दोन बोटांनी, टायपिस्ट असून दोन बोटांनी, कारण मराठीचा कीबोर्ड वेगळा. चार हजारांवर शब्द झाले. आणि ती फाइल फक्त त्या एका मशिनमध्ये! मी दहा वेळा म्हटलं, बाबा, मी कॉपी काढून देते, पेन ड्राइव्हवर ठेवते. दहा वेळा उत्तर एकच, हात लावू नकोस, सुलू, शेखर करेल. शेखर करेल! शेखर मॅनेजर आहे हो, तो स्लाइडी बनवतो, त्याने आयुष्यात कॉम्प्युटरचं झाकण काढून बघितलेलं नाही.

दसऱ्यानंतर चार दिवसांनी मी सहज म्हणून गेले, डब्यात कडाकण्या होत्या बाबांसाठी. दार उघडलं तर हॉलमध्ये कबाडी बसलेला, पुढ्यात तराजू, आणि तराजूच्या शेजारी बाबांचा सीपीयू. मी म्हटलं हे काय. शेखर म्हणाला, अगं ताई, मेला तो, चालू होऊन लगेच बंद पडतो आणि स्क्रीनवर काही येत नाही, मार्केटमधून माणूस बोलावला होता, तो म्हणाला पॉवर सप्लाय उड गया, मदरबोर्ड भी गया, अंकल, नया ले लो, तर मी नवा ऑर्डर केलाय, उद्या येतो. मी म्हटलं आणि बाबांची फाइल? तो म्हणाला, ती गेलीच ना यार, सगळंच गेलं. मी बाबांकडे बघितलं. बाबा खिडकीशी बसलेले, मांडीवर हात. बारा वर्षांचं काम कबाड्यासमोर पडलंय आणि माणूस गप्प.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. मी ओरडलेच, हो, सरळ ओरडले. म्हटलं शेखर, मदरबोर्ड गेला म्हणजे डिस्क गेली असं तुला कोणी सांगितलं? डिस्क वेगळी असते, चार स्क्रू काढले की हातात येते, आत बघितलं कोणी? त्या मार्केटवाल्याने झाकण तरी काढलं होतं का? शेखर म्हणाला, नाही, त्याने बटण दाबूनच सांगितलं. बटण दाबून! आणि बहीण कुठे मेली होती? मेट्रोने एक तासावर बहीण राहते, तिचं पोट ह्याच कामावर आहे, तिला एक फोन करावासा वाटला नाही? तर म्हणतो, बाबाच म्हणाले ताईला त्रास नको. मी कबाड्याला म्हटलं भैया, उठिए, कुछ नहीं बेचना, आणि तो सीपीयू उचलून डायनिंग टेबलावर ठेवला. तेव्हा बाबा पहिल्यांदा बोलले. काय बोलले असतील? हात लावू नकोस, सुलू.

मी म्हटलं आज मी लावणार. पर्समध्ये माझा स्क्रू ड्रायव्हर असतोच. पण मी लगेच झाकण काढलं नाही, मी मार्केटवाल्यासारखी नाही. आधी भिंतीतला सॉकेट बघितला, दुसरी वायर लावली, तेच, पंखा थरथरतो, दिवा लागतो, चार-पाच सेकंदांत बंद. मग मॉनिटर ईशाच्या लॅपटॉपला जोडला, स्वच्छ चित्र आलं, म्हणजे मॉनिटर ठीक, त्याची वायर ठीक, जे आहे ते पेटीच्या आत. झाकण काढायला गेले तर त्याचा एक स्क्रू नव्हताच आणि दुसरा नुसता अडकवलेला. मला तिथेच वास आला. वास म्हणजे खरोखरचा वास, झेंडूचा.

झाकण काढलं, आणि काय सांगू तुम्हाला, आत देव्हारा होता. हळद, कुंकू, अक्षता, झेंडूच्या पाकळ्या. प्रोसेसरच्या पंख्यात पाकळ्यांचा बोळा अडकलेला, त्यात तांदूळ, पंखा फिरेल कसा, आणि तो फिरला नाही की मशीन जळू नये म्हणून आपोआप बंद पडतं, हाच तो पॉवर प्रॉब्लेम. आणि रॅमवर कुंकवाची पाचही बोटं ओढलेली, ओली, ते कुंकू खाली खाचेत उतरून वाळलेलं, हाच तो डिस्प्ले. मी वर बघितलं. बाबा छताकडे बघत होते.

मी म्हटलं, बाबा. तर म्हणाले, दर वर्षी नुसत्या पत्र्याला गंध लावायचो, या वर्षी वाटलं, पेटीला काय लावायचं, खरं यंत्र तर आत आहे. दिसत नव्हतं नीट, तांब्यातलं पाणीही थोडं सांडलं वाटतं. म्हटलं मग चार दिवस बोलला का नाहीत? तर हळूच म्हणाले, सूनबाई हसली असती. अहो, माणूस लाजेपायी बारा वर्षांचं काम कबाड्याला द्यायला निघाला! माझं डोकं इतकं फिरलं की मी पाच मिनिटं बाल्कनीत जाऊन उभी राहिले, नाहीतर काहीतरी बोलून गेले असते.

मग बसले. चिमट्याने एकेक पाकळी, एकेक तांदूळ काढला. पॉवर सप्लाय सगळ्यातून सोडवला आणि त्याच्या दोन वायरी तारेच्या तुकड्याने जोडून एकटाच चालवून बघितला, तो मस्त फिरला, उड गया म्हणे. रॅम काढली, ईशाचं खोडरबर मागितलं आणि रॅमचे सोनेरी दात घासून घासून लख्ख केले, खाच ब्रशने आणि स्पिरिटने पुसली, वाळू दिली. शेखर शेजारी उभा राहून म्हणत होता, ताई, रबरने होतं हे? मी म्हटलं तू गप बस आणि टॉर्च धर. त्याने धरली बरं का, हलू न देता, अर्धा तास. मग सगळं जोडलं आणि बटण दाबलं. एक बीप झाली, पंख्याने वेग धरला, आणि स्क्रीनवर उजेड आला. बाबा उठून माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले.

मी आधी कॉपी काढली, पेन ड्राइव्हवर एक, ईशाच्या लॅपटॉपवर एक, माझ्या फोनवर एक, कोणाला विचारलं नाही. मग फाइल नीट उघडते का बघायला म्हणून शेवटापर्यंत सरकवली, आणि ह अक्षरावर थांबले. वाचून दाखवते, फोनमध्येच आहे. हातगुण. अर्थ, एखाद्याच्या हाताला यश असणे. उदाहरण, आमच्या सुलूच्या हाताला गुण आहे, तिने हात लावला की मेलेली यंत्रे उठतात.

तुम्हाला वाटेल मी रडले. रडले नंतर, मेट्रोत. तेव्हा मला इतका राग आला, इतका राग, की मी खुर्चीसकट मागे वळले. म्हटलं, बाबा, हे कधी लिहिलंत? म्हणाले, झाली असतील सात-आठ वर्षं. सात-आठ वर्षं! हे वाक्य ह्या डब्यात पडून आहे, आणि मला तोंडावर काय, तर हात लावू नकोस! म्हटलं मला का नाही सांगितलंत? तर अगदी साधेपणाने म्हणाले, अगं, यादीचं पुस्तक झालं की वाचशीलच की.

आता अशा माणसाचं काय करायचं, तुम्ही सांगा. नवा कॉम्प्युटर शेखरने परत पाठवला. जुन्याच्या झाकणाला मी दोन्ही स्क्रू लावलेत आणि वरून चिकटपट्टी, बाबांना सांगितलंय, पुढच्या दसऱ्याला याला लांबून नमस्कार. माझा स्क्रू ड्रायव्हर पाटावर ठेवणार का, असं त्यांनी विचारलेलं नाही, आणि मीही विचारणार नाही.

आता रविवारी जाते मी. मागच्या रविवारी बाबा परत क वर होते, काही शब्द राहून गेले होते म्हणून. म्हणाले, सुलू, कौतुक शब्द घालायचा राहिला बघ, ईशा सारखं तारीफ तारीफ म्हणते, उदाहरणाला वाक्य सांग. मी म्हटलं लिहा, कौतुक तोंडावर करायचं असतं. बाबांनी माझ्याकडे बघितलं नाही. दोन बोटांनी एकेक अक्षर शोधत, मोठ्याने म्हणत लिहिलं, कौतुक, तोंडावर, करायचं, असतं. मग बराच वेळ कीबोर्डवर वाकून बसले आणि म्हणाले, पूर्णविराम कुठे गेला गं, तू लाव.

लावला मी.