अंगावरचा चेंडू

मामा : हळू कशाला बोलतेस? इथे आपली भाषा कळतेय कोणाला? वर्षभर आपण मराठीतच ओरडतोय. वर टाक, खाली टाक, आत टाक. त्या पिवळ्या शर्टवाल्यांना अजून पत्ता नाही.

भाची : म्हणून काहीही बोलायचं? तू मला माणसाच्या फासळ्यांत चेंडू मारायला सांगतोयस.

मामा : मी नाही, कॅप्टन सांगतोय. आता त्यांचा जो पहिला बॅट घेऊन येईल, त्याच्या अंगावर टाकायचा. मागच्या सामन्यात त्यांच्या दाढीवाल्याने धावता धावता आपल्या बेकरीवाल्याला मुद्दाम धडक दिली की नाही? हात मोडला त्याचा. तो बघ, कठड्यापाशी बसलाय, हात गळ्यात अडकवून. पीठ कशाने मळणार तो?

भाची : ठाऊक आहे मला. प्लास्टर निघालं की आमच्या दवाखान्यात त्याच्या हाताचा व्यायाम मीच घेणार आहे. पण दाढीवाल्याचा नंबर दुसरा. पहिला येतोय तो नवीनच दिसतोय. त्याने आपलं काय घोडं मारलंय?

मामा : शर्ट पिवळा आहे ना? मग झालं. अगं, परक्या मुलखात बेसबॉल खेळायला आपल्याला घेतलंय, ते तुझ्या हाताच्या वेगावर. तू येईपर्यंत मला नुसतं बाकावर बसवून ठेवायचे. आठवडाभर डेपोत बसखाली आडवं पडून दुरुस्ती करायची आणि रविवारी इथे येऊन दुसऱ्यांच्या पाण्याच्या बाटल्या भरायच्या. आज कच खाल्लीस तर दोघांनाही कोणी विचारणार नाही.

भाची : बघते.

मामा : बघते नको. टाक.

(मामा तोंडावर जाळी ओढून चेंडू झेलायला कॅचरच्या जागी जाऊन बसतो. त्याच्या पुढ्यात नवा बॅटवाला उभा राहतो.)

मामा : हां पोरी, अंगावर! ...हे काय? एवढा लांब? मधून ट्रक गेला असता.

भाची : घाम आलाय हाताला.

मामा : पूस आणि टाक. फासळ्यांत. बघ कसा उभा आहे मेंढरासारखा, हलणारसुद्धा नाही... परत लांब! अगं, तुला कळत कसं नाही?

बॅटवाला : मामा, तिच्या मनात नाही तर कशाला मागे लागताय?

मामा : अं?

बॅटवाला : मेंढराला कळतंय सगळं.

मामा : तुम्ही... मराठी?

बॅटवाला : खाली बघा. बुटाची नाडी बांधल्यासारखं करा. अंपायरचं लक्ष आहे.

मामा : हे बघा, आमच्या बेकरीवाल्याला तुमच्या माणसाने...

बॅटवाला : मला सांगितलं, तोच वाटेत आडवा आला. खरं-खोटं मला माहीत नाही. मागच्या आठवड्यात आलोय मी यांच्यात. रोज लोकांच्या घरात वायरी ओढतो, कोणी पाणी विचारलं तर तेवढंच बोलणं. म्हटलं, रविवारी चार माणसांत जावं. तर आल्या आल्या वैरी तयार.

मामा : आता अंपायरला सांगणार तुम्ही.

बॅटवाला : सांगितलं तर तुम्ही दोघं कायमचे बाहेर. आमचा कॅप्टन मला डोक्यावर घेऊन नाचेल. तेच ठरवतोय.

भाची : मामा! काय कुजबुज चाललीये?

मामा : थांब, टाकू नकोस! अगं, हा आपला निघाला!

भाची : आपला म्हणजे?

मामा : मराठी बोलतो. सगळं ऐकलंय त्याने.

भाची : आणि नसता बोलला तर?

मामा : अंपायर बघतोय इकडे.

भाची : सांग ना, मामा. नसता बोलला तर मारायचा होता?

मामा : तू खेळ बाई आता.

भाची : दादा, ऐकू येतंय ना? नीट उभे राहा. सरळ टाकतेय. पण जोरात, दयामाया नाही.

बॅटवाला : चालेल, ताई.

मामा : हां. हुकला... हाही हुकला. जपून, हा बॅटला चाटून बाहेर गेला. पुन्हा तसाच टाक... हुकला! तीन झाले. बाद.

बॅटवाला : चेंडू दिसलाच नाही हो.

मामा : अंपायरकडे चाललात?

बॅटवाला : नाही. सामना संपला की बेकरीवाल्याकडे जाईन. आमच्यातलं कोणी त्याला भेटलंय?

मामा : एकसुद्धा नाही. पण त्याला मराठी येत नाही.

बॅटवाला : मलाही त्याची भाषा मोडकीतोडकीच येते. भागवू आम्ही.

भाची : मामा, कॅप्टन बघ कसा हातवारे करतोय. मला काढणार तो.

मामा : तू तिकडे बघूच नकोस. विचारलं तर मी सांगेन, कॅचरनेच सरळ मागितला.

भाची : पुढचा दाढीवाला आहे.

मामा : दिसतोय.

भाची : कुठे टाकू?

मामा : मधोमध.