पाहुणा येणार म्हणून

विमा कंपनीच्या बेळ्ळंदूरच्या ऑफिसात मल्लाप्पा नंबराची वाट पाहत बसला होता. पावसानं भरून वाहिलेल्या तळ्याचं पाणी त्याच्याही घरात शिरलं होतं. मागच्या बाकावर एक नवरा-बायको मराठीत कुजबुजत होते.

"सर्व्हेयर येणार म्हणून तुझ्या आईंनी घर धुऊन काढलं, निहार. भिंतीच्या तड्यावर गणपतीचं कॅलेंडर लावलं!"

"अगं, पाहुण्याला चिखलात बसवायचं का?"

"पाहुण्यानं गणपतीला नमस्कार केला, पोहे खाल्ले आणि 'नुकसान दिसत नाही' असं लिहून गेला. क्लेम बुडाला तर भिंतीचं काय? आपला ध्रुव तिच्याखालीच झोपतो रे!"

मल्लाप्पाला मराठी समजत होतं. त्यानं घाईघाईनं घरी बायकोला फोन लावला.

"शिवलीला, सर्व्हेयर येईपर्यंत कशाला हात लावू नकोस!"

"आता सांगताय? सकाळपासून घासतेय. सरी, ठीक आहे, चिखल परत आणून टाकू का?"