चौथं बटण

ताई – परत सांग. गाडीत किती वेळ होता खोका?

धाकटा – दहा मिनिटं. फार तर पंधरा. औषधाच्या दुकानात गर्दी होती. आणि हळू बोल, बाबा ऐकतायत.

ताई – ऐकू देत. त्यांच्याच तोंडाचा विषय चाललाय. पंधरा मिनिटांत हे असं होतं? बघ ना, मान काय फिरवतोस. प्लॅस्टिक मेणासारखं वाकलंय. बॅटरी फुगून झाकण वर आलंय. स्पीकरचा गोंद वितळून वायरींवर ओघळलाय.

धाकटा – ऊनच तसलं होतं. मी बोलावलं होतं का उन्हाला?

ताई – झाकणाच्या आत मी काय लिहून चिकटवलंय? अजून वाचता येतंय. उभ्या गाडीत ठेवू नये. ठेवावाच लागला तर बंद करून बॅटरी काढावी, आणि खोका सीटखाली, सावलीत.

धाकटा – मी त्याच्याही पुढचं केलं. थंड पाण्याच्या बाटल्यांची ती जाड पिशवी आहे ना, तिच्यात घालून चेन लावली. वरून गाडीच्या काचेचा चंदेरी पडदा गुंडाळला. ऊन लागू नये म्हणूनच ना?

ताई – चालू ठेवून?

धाकटा – काय?

ताई – चालू खोका जाड पिशवीत कोंबलास. आतून त्याची गरमी, बाहेरून गाडीची. भट्टी लावलीस नुसती. बाळ्या, बंद करायचा खटका तुला डोळे मिटून सापडतो. आज का नाही सापडला?

धाकटा – विसरलो. माणूस विसरतो. एका खोक्यासाठी कोर्ट काय भरवतेस? दुसरा कर. कारखान्यातून आलीस की तुला तेच तर सुचतं, वायरी आणि सोल्डरिंग. आणि खरं सांगू? खोक्याचं बटण दाबलं की बाबा तुझ्या आवाजात बोलतात. एवढा मिशीवाला माणूस बाईच्या आवाजात पाणी मागतो. लोक तोंड दाबून हसतात.

ताई – हसेनात का. अर्धांगाच्या झटक्याने वाचा गेली, तेव्हापासून खांदा दुखत होता त्यांचा. दोन महिने तुला कळलं नाही, मला कळलं नाही, डॉक्टरला कळलं नाही. खोका आला त्या दिवशी दुसरं बटण दाबून सांगितलं त्यांनी, दुखतंय. तेव्हा कोण हसलं होतं?

धाकटा – बरं बाई, चुकलं. संपव आता.

ताई – संपवते. खोका गेला, पण आतली नोंदीची चिप वाचली. उन्हाळ्याच्या भीतीने मी गरमी मोजायचा तुकडा बसवला होता. कुठलं बटण कधी दाबलं, तेही लिहिलं जातं तिच्यात.

धाकटा – माझ्यावर पाळत ठेवतेस?

ताई – खोक्यावर ठेवली होती. सापडलास तू. ऐक. अकरा पाच, चौथं बटण, नको. अकरा पाच, नको. अकरा सहा, नको. एकतीस वेळा, बाळ्या. मग अकरा वीसला पाचवं, घरी. एकदाच. त्यापुढे नुसती गरमी. चाळीस. एकावन्न. बासष्ट. एक चाळीसला सदुसष्ट, आणि खलास. अडीच तास होत आले. कुठलं औषधाचं दुकान हे?

धाकटा – बाबांसमोर नको, ताई.

ताई – कुठे नेलं होतंस त्यांना?

धाकटा – म्हाताऱ्यांच्या केंद्रात. खोली बघायला. उद्या दहाला भरती आहे. सही केलीय मी.

ताई – आणि खोका गाडीत.

धाकटा – तिथली बाई विचारणार होती, काका, राहाल ना? आणि तुझा खोका बोंबलला असता. मी बंद करायला गेलो तर बाबांनी डाव्या हाताने घट्ट धरला. हिसकावला मी. कोंबताना बटण दाबलं गेलं. चेन लावली तरी आतून आवाज आला, घरी. तुझा आवाज. मी दार आपटून निघालो. हात नाही लावला परत.

ताई – मग विचारलं त्या बाईने?

धाकटा – विचारलं. बाबा बघत राहिले. तिने लिहून टाकलं, वडिलांची हरकत नाही.

ताई – लाज नाही वाटली?

धाकटा – तू सातला निघून जातेस. आंघोळ मी घालतो. दिवसातून तीनदा चादर मी बदलतो. चार महिने काम सोडून बसलोय. तू खोका केलास तर सगळे म्हणतात, मुलगी असावी तर अशी. माझी पाठ गेली, त्याचं बटण कुठलं, ताई?

ताई – ते मला ओरडून सांगायचं होतंस. मी भांडले असते, रडले असते, पण रजा टाकली असती. तुझं खरं आहे, माझं चुकलं. पण तू ज्याला बोलता येत नाही त्याचं तोंड पिशवीत घालून चेन लावलीस. ते मी नाही विसरणार.

धाकटा – आता खोकाही नाही. विचारायचं तरी कसं?

ताई – समोर बसलेत. विचार.

धाकटा – बाबा, उद्या जायचं का तिथे?

(बाबा डावा हात टेबलावर, खोका असायचा त्या रिकाम्या जागी ठेवतात. बोट हळूहळू उजवीकडे सरकतं, थांबतं, लाकडावर दाबतं. पुन्हा दाबतं.)

ताई – मी काही सांगणार नाही. तूच वाच.

धाकटा – चौथं. कळलं, बाबा. पुरे आता, बोट दुखेल.